पदवीचे तीन साक्षीदार

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. प्रत्येक रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण आणि वर्ष उमटवलेले असते. ही खूण विश्वासार्ह ठरते, कारण ती उमटवणारा आणि रूळ पारखून घेणारा हे दोघे वेगळे असतात. कारखाना रूळ घडवतो; त्याची कसोटी मात्र बाहेरचे तपासनीस घेतात. या परीक्षेत जो रूळ उतरत नाही तो मार्गावर जात नाही.

विद्यापीठाची पदवी हीदेखील एक खूणच होय. अमुक एका व्यक्तीने अमुक विषयाचे शिक्षण पुरे केले आहे, असे ती जगाला सांगते. परंतु येथे एक अडचण आहे. शिकवणारे विद्यापीठ, परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि प्रमाणपत्रावर मुद्रा उमटवणारेही तेच विद्यापीठ. मग त्या मुद्रेच्या खरेपणाची साक्ष द्यावी कोणी?

आधुनिक समाजाने या प्रश्नाला तीन उत्तरे शोधली आहेत. पहिला साक्षीदार कायदा : विद्यापीठास जन्म देणारा आणि पदवी देण्याचा अधिकार बहाल करणारा. दुसरा साक्षीदार विद्वानांचा समुदाय : ठरावीक काळाने संस्थेत येऊन तिची पाहणी करणारा आणि तिला अधिस्वीकृती देणारा किंवा नाकारणारा. तिसरा साक्षीदार म्हणजे स्वतः विद्यार्थी. पहिल्या दोघांची दखल शासकीय कागदपत्रांत सविस्तर घेतली जाते. तिसऱ्याची आठवण बहुधा तो रस्त्यावर उतरतो तेव्हाच होते. हे तिघेही जागेवर असणे का आवश्यक आहे, याचा धडा भारताला छत्तीसगढ राज्यातील एका प्रकरणाने दिला.

राजपत्रातून जन्मलेली विद्यापीठे

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगढ हे नवे राज्य वेगळे झाले. खनिजे, जंगले आणि भिलाईसारखे अवजड उद्योगाचे केंद्र त्याच्या वाट्यास आले. परंतु विद्यापीठे मोजकीच होती. खैरागढचे इंदिरा कला संगीत विद्यापीठ (१९५६), रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ (१९६४), बिलासपूरचे गुरू घासीदास विद्यापीठ (१९८३) आणि रायपूरचेच इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ (१९८७) ही त्यांतील प्रमुख. नव्या राज्याला उच्च शिक्षणाचा विस्तार हवा होता. तिजोरीत मात्र त्यासाठी पुरेसा पैसा नव्हता. खाजगी भांडवलाला वाव देण्याचा विचार यातून पुढे आला. हा विचार मुळात गैर होता असे म्हणता येणार नाही. चूक घडली ती त्याच्या अंमलबजावणीत.

२००२ साली राज्याच्या विधानसभेने खाजगी क्षेत्रातील विद्यापीठांच्या स्थापनेसाठी व नियमनासाठी एक कायदा संमत केला. तोवर साधारण रीत अशी होती की, प्रत्येक विद्यापीठासाठी विधिमंडळ स्वतंत्र कायदा करी; त्यावर चर्चा होई आणि त्या कायद्यातच विद्यापीठाची घटना, अधिकारमंडळे व कार्यक्षेत्र नमूद केलेले असे. नव्या कायद्याने ही पायरी वगळली. प्रायोजक संस्थेने प्रकल्प-अहवाल सादर करावा, शासनाने राजपत्रात अधिसूचना काढावी, आणि त्या दिवसापासून विद्यापीठ अस्तित्वात यावे, अशी ही सोपी वाट होती. एवढ्याने त्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकारही प्राप्त होई. शिवाय राज्याच्या सीमेबाहेर केंद्रे काढण्याची मुभाही कायद्यात होती.

परिणाम दिसण्यास वेळ लागला नाही. सुमारे एका वर्षाच्या अवधीत ११२ विद्यापीठे स्थापन झाली. त्यांपैकी अनेकांना इमारत नव्हती, परिसर नव्हता. काही तर एका खोलीतून चालत होती, असे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच आपल्या निकालपत्रात नमूद केले. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अध्यापक यांचा प्रश्न तर दूरच राहिला. नामफलक मात्र विद्यापीठाचा होता आणि कायद्याच्या दृष्टीने त्याची पदवी जुन्या विद्यापीठांच्या पदवीइतकीच ग्राह्य ठरत होती.

न्यायालयाचा निर्णय

या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत प्राध्यापक यशपाल हे अग्रभागी होते. विश्वकिरणांचे संशोधक म्हणून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केले होते आणि १९८६ ते १९९१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशातील विद्यापीठांचा दर्जा राखणे हे ज्या आयोगाचे काम, त्याच्या माजी अध्यक्षाला नागरिक या नात्याने न्यायालयात जावे लागावे, यावरूनच परिस्थितीचे गांभीर्य ध्यानात येते.

११ फेब्रुवारी २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. त्यामागील युक्तिवाद सामान्य वाचकानेही समजून घेण्याजोगा आहे. विद्यापीठ स्थापन करण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. परंतु उच्च शिक्षणसंस्थांच्या दर्जाचे निर्धारण व समन्वय हा विषय संघसूचीतील ६६ व्या नोंदीनुसार केवळ संसदेच्या अखत्यारीत येतो. त्याच अधिकाराच्या बळावर संसदेने १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा केला. विद्यापीठ जन्मास घालण्याचा राज्याचा अधिकार दर्जा राखण्याची ही केंद्रीय व्यवस्थाच निष्फळ करू लागला, तर तो घटनेच्या चौकटीबाहेर जातो. त्याचप्रमाणे एका राज्याचे विधिमंडळ आपल्या सीमेपलीकडे केंद्रे चालवण्याची परवानगी देऊ शकत नाही. या कारणांस्तव कायद्याची पाचवी व सहावी कलमे घटनाबाह्य ठरली आणि त्यांच्या आधारे निर्माण झालेली विद्यापीठे संपुष्टात आली.

प्रश्न उरला तो विद्यार्थ्यांचा. त्यांनी शुल्क भरले होते, वर्षे खर्ची घातली होती. या संस्थांना राज्यातील पूर्वीपासून अस्तित्वात असलेल्या विद्यापीठांशी संलग्न करून घेण्यासाठी राज्य शासनाने पावले उचलावीत, म्हणजे विद्यार्थ्यांचे हित राखले जाईल, असे न्यायालयाने सुचवले. निर्णयातील ही तरतूद माणुसकीची होती. पण तिच्यातच प्रकरणाचे मर्मही दिसून येते. ज्यांच्या नावाने हा सारा व्यवहार चालला होता त्यांचा प्रश्न सर्वांत शेवटी, हानी घडून गेल्यानंतर विचारात घ्यावा लागला.

रिकामे अंगण

येथे एक विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ही दुरवस्था न्यायालयापुढे आणली ती एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने. विद्यार्थ्यांच्या चळवळीने नव्हे. असे का व्हावे? भारतीय विद्यार्थी आंदोलनाला अपरिचित नाही. वसतिगृहातील भोजनखर्चाच्या वाढीवरून अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७३ च्या अखेरीस पेटलेल्या असंतोषातून गुजरातचे नवनिर्माण आंदोलन उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथील मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले, हा इतिहास फार जुना नाही.

याचे उत्तर संस्थेच्या रचनेतच शोधावे लागते. आंदोलनासाठी आधी एकत्र यावे लागते, आणि एकत्र येण्यासाठी एखादे अंगण लागते : वसतिगृह, भोजनालय, ग्रंथालयाच्या पायऱ्या. ज्या विद्यापीठाला परिसरच नाही आणि ज्याची केंद्रे दूरदूरच्या शहरांत विखुरलेली आहेत, त्याचे विद्यार्थी परस्परांना ओळखतही नाहीत. प्रत्येक जण एकटाच ग्राहक असतो. ग्राहक फार तर आपले पैसे परत मागतो. ‘आम्हाला शिकवणारे कोठे आहेत?’ हा प्रश्न मात्र समुदायच विचारू शकतो. अशा संस्थांतून पहिल्या साक्षीदाराची, म्हणजे कायद्याची, मुद्रा तेवढी होती. दुसरा अद्याप आलेला नव्हता आणि तिसऱ्याला उभे राहण्यास जागाच नव्हती.

तिसऱ्या साक्षीदाराचा इतिहास

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा संबंध काय, असा प्रश्न आजही विचारला जातो. इतिहास पाहता तो उलट विचारावयास हवा. इटलीतील बोलोन्या येथील मध्ययुगीन विद्यापीठ हा मुळात विद्यार्थ्यांचाच संघ होता. अध्यापकांशी करार तो संघ करी. पॅरिसमध्ये १२२९ साली एका दंग्याच्या निमित्ताने नगररक्षकांनी काही विद्यार्थ्यांना ठार केले, तेव्हा अध्यापक व विद्यार्थी नगर सोडून गेले आणि अध्यापन दीर्घकाळ बंद पडले. अखेर १२३१ साली पोप नववे ग्रेगरी यांनी आज्ञापत्र काढून विद्यापीठाच्या स्वायत्ततेला मान्यता दिली आणि अन्याय झाल्यास व्याख्याने स्थगित करण्याचा हक्कही मान्य केला. १९१८ साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील विद्यार्थ्यांच्या उठावातून विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना वाटा मिळाला, आणि ती कल्पना पुढे लॅटिन अमेरिकेत दूरवर पसरली.

तथापि विद्यार्थ्यांचा आवाज म्हणजे न्यायाचाच आवाज, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे उदाहरण मराठी वाचकाला परिचित आहे. औरंगाबाद येथील या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. नामांतराच्या बाजूने विद्यार्थी होते तसे विरोधातही होते. एका बाजूच्या तरुणांनी मोर्चे काढले, तुरुंगवास पत्करला. दुसऱ्या बाजूच्या आंदोलनाने जातीय विद्वेषाला वाट करून दिली. निर्णयाची अंमलबजावणी व्हावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला, आणि तीही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ अशा नामविस्ताराच्या रूपाने. आंदोलनात बळ असते. त्या बळाला दिशा देणारा विवेक त्याच्यासोबत आपोआप येत नाही.

म्हणूनच विद्यार्थ्यांचा सहभाग रस्त्यावरून सभागृहात आणण्याचे प्रयत्न झाले. महाराष्ट्रातील विद्यार्थी परिषदांच्या निवडणुकांत हिंसाचार शिरल्यावर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद केली आणि गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. हिंसा थांबवण्याचा हेतू समजण्याजोगा होता. परंतु परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी हा इतरांच्या गाऱ्हाण्यांचाही प्रवक्ता असतो असे नाही. पुढे लिंगडोह समितीने निवडणुकांसाठी उपस्थिती, वय आणि खर्च यांच्या मर्यादा सुचवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्या लागू केल्या. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५,००० रुपये होती. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. पण २०१९ साली होऊ घातलेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. दार उघडण्याचा निर्णय घेणे सोपे, कडी काढणे अवघड, असाच हा अनुभव आहे.

दुसरा साक्षीदार : अधिस्वीकृती

आता विद्वानांच्या साक्षीकडे वळू. येथे तीन शब्दांची गल्लत नेहमी होते. ‘मान्यता’ म्हणजे संस्था चालवण्यास किंवा अभ्यासक्रम सुरू करण्यास सक्षम यंत्रणेची संमती. ‘संलग्नता’ म्हणजे महाविद्यालयाचे विद्यापीठाशी असलेले नाते. त्यामुळे महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची पदवी मिळते. ‘अधिस्वीकृती’ म्हणजे संस्था प्रत्यक्षात कशी चालते याविषयी तज्ज्ञांनी पाहणी करून दिलेला अभिप्राय. पहिल्या दोन गोष्टी प्रवेशद्वारावरील परवान्यासारख्या आहेत. तिसरी आत शिरून केलेली तपासणी आहे.

भारतात या तपासणीची व्यवस्था १९९४ साली आकारास आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन केली. ती ‘नॅक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ निर्माण केले. पहिली यंत्रणा संपूर्ण संस्थेची परीक्षा करते, दुसरी एकेका तांत्रिक अभ्यासक्रमाची.

‘नॅक’ची रूढ पद्धत अशी : संस्थेने आपला स्वयं-अध्ययन अहवाल तयार करावा, इतर संस्थांतील अनुभवी अध्यापकांच्या समितीने भेट देऊन तो पडताळून पाहावा, सात निकषांवर गुण देऊन श्रेणी ठरवावी. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थ्यांना साहाय्य, प्रशासन व नेतृत्व, आणि संस्थेची मूल्ये असे हे निकष. कारभार हाही गुणवत्तेचा भाग मानला गेला ही यातील महत्त्वाची गोष्ट. २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण जोडण्यात आले. तिसऱ्या साक्षीदाराला दुसऱ्याच्या दप्तरात अशी थोडी जागा मिळाली.

परंतु ही साक्षही निर्दोष नाही. भेटीचा दिवस आधी ठाऊक असला की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयाची धूळ झटकली जाते. याहून गंभीर प्रकारही घडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुकूल श्रेणीसाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने पाहणी समितीच्या सदस्यांना अटक केली. आरोप म्हणजे निर्णय नव्हे. तथापि तपासनीसाचीही तपासणी व्हावी लागते, हे त्यातून दिसून आले. समिती थोडे दिवस राहते. विद्यार्थी वर्षानुवर्षे राहतो. कोणती प्रयोगशाळा कुलूपबंद असते आणि कोणता तास कधीच होत नाही, हे त्याला पाहुण्यांपेक्षा अधिक ठाऊक असते.

भिलाई आणि तिची विद्यापीठे

न्यायालयात ११२ विद्यापीठांचा वाद चालू होता, त्याच सुमारास छत्तीसगढच्या विधानसभेने आणखी एक विद्यापीठ निर्माण केले; पण वेगळ्या मार्गाने. २००४ च्या २५ क्रमांकाच्या स्वतंत्र कायद्याने छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ भिलाई येथे स्थापन झाले. निर्णयानंतर अडीच महिन्यांनी, ३० एप्रिल २००५ रोजी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसवण्यात आली. राज्यातील तंत्रशिक्षण एका छत्राखाली आणणे हा त्याचा हेतू. भिलाई परिसरात १९८६ पासून खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालय चालू होते, आणि पोलाद कारखान्यामुळे यंत्रविद्येचे वातावरण गावात आधीपासून होते.

मराठी वाचकाने येथे एका शब्दभेदाकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्रात ‘कुलपती’ म्हणजे राज्यपाल आणि ‘कुलगुरू’ म्हणजे विद्यापीठाचा प्रत्यक्ष प्रमुख. छत्तीसगढने मध्य प्रदेशाकडून घेतलेल्या हिंदी कायदेपरंपरेत राज्यपालास ‘कुलाधिपती’ आणि प्रत्यक्ष प्रमुखास ‘कुलपती’ म्हणत आले. एकच शब्द दोन राज्यांत दोन वेगळ्या अधिकारांचा वाचक आहे. जाब कोणाला विचारावयाचा हे ठरवण्यापूर्वी हा भेद माहीत असलेला बरा.

संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठाची एक अंगभूत अडचण असते. वर्ग महाविद्यालयात भरतात. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकाल विद्यापीठाच्या हाती असतात. शिकवण्यातील उणीव कोणाची आणि निकालातील चूक कोणाची, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. अधिस्वीकृतीच्या नियमांतही हा भेद उमटला आहे. जून २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर-मान्यतेच्या वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य झाला. परंतु त्याचा लाभ राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने प्रथम श्रेणीच्या व्यवस्थेत पारखलेल्या, म्हणजे स्वायत्त संस्थांच्या व विद्यापीठ-विभागांच्या, अभ्यासक्रमांपुरता राहिला. केवळ संलग्न असलेल्या महाविद्यालयांची गणना दुसऱ्या व्यवस्थेत होते. स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा ज्याच्या हाती नाही, त्याला फलनिष्पत्तीबद्दल संपूर्ण जबाबदार धरता येत नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र होय.

२०१६ साली भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. प्रारंभी तिचे वर्ग रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात भरत. पुढे दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथे तिचा कायम परिसर उभा राहिला आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. तिला संसदेच्या कायद्याचा आधार आहे, तांत्रिक विद्यापीठाला राज्याच्या कायद्याचा. २००५ च्या निर्णयानंतर छत्तीसगढने खाजगी विद्यापीठांसाठी नवा कायदा केला, त्यासाठी नियामक आयोग नेमला, आणि त्या चौकटीत पुन्हा खाजगी विद्यापीठे उभी राहिली. एकाच परिसरात पदवीचे असे अनेक उगम नांदू लागले आहेत.

अशा ठिकाणी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकाने कोणते प्रश्न विचारावेत? विद्यापीठाचा कायदा कोणता? अभ्यासक्रमास मान्यता कोणाची? अधिस्वीकृती संस्थेला आहे की अभ्यासक्रमाला, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत? हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. त्यांची उत्तरे कागदावर मिळतात. मात्र आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर कागदावर मिळत नाही : येथे विद्यार्थ्याने तक्रार केली तर ती कोण ऐकतो, आणि ऐकल्यावर काय होते?

जे विद्यापीठ या प्रश्नाचे उत्तर आपल्या अधिकारमंडळांत देते, त्याच्या प्रवेशद्वाराशी मोर्चे क्वचित येतात. जे देत नाही, तेथे ते येतात आणि कधी कधी चुकीच्या दिशेनेही वळतात. परंतु ज्या संस्थेत प्रश्न विचारण्यास कोणी एकत्रच येऊ शकत नाही, तिच्या शांततेला सुव्यवस्था समजण्याची चूक करू नये. ११२ विद्यापीठांत अशीच शांतता होती, आणि ती मोडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.